नणंदबाईंचा पक्का निर्णय

अख्ख्या बुऱ्हाणपुरात, शनवाऱ्यापासून राजघाटापर्यंत, माझ्या नणंदेइतकी ठाम निर्णय घेणारी मुलगी शोधून सापडायची नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, वैतागून सांगते आहे. निर्णय घ्यायची तिला भीती नव्हती, संकोच नव्हता, आळस तर मुळीच नव्हता. ती सकाळी चहाबरोबर एक पक्का निर्णय घ्यायची आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा लागेपर्यंत त्याच्या बरोबर उलटा, पण तितकाच पक्का, दुसरा निर्णय घेऊन मोकळी व्हायची. दोन्ही वेळा आवाज तोच खणखणीत, डोळ्यांत चमक तीच, आणि वाक्यसुद्धा तेच: "वहिनी, फायनल झालं. आता यात बदल नाही." गोंधळलेल्या माणसाला समजावता येतं, जवळ बसवून चार गोष्टी सांगता येतात. पण ज्याचा कधीच गोंधळ होत नाही अशा माणसाचं काय करायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

प्रश्न तसा साधा होता. ती बी.कॉम. झाली होती, चांगल्या मार्कांनी झाली होती, आणि आता पुढं काय शिकायचं ते ठरवायचं होतं. एक वाट अकाउंटिंगची. त्यासाठी एम.कॉम. करायचं, ते आमच्या गावातल्या कॉलेजात होत होतं, घरून जेवून जाता येत होतं. दुसरी वाट फायनान्सची. त्यासाठी एम.बी.ए., आणि एम.बी.ए.साठी इंदूर, होस्टेल आणि घरातल्या सगळ्यांच्या जिवाला घोर. एवढंच. लोकांच्या घरी हा प्रश्न एका जेवणात सुटतो. आमच्याकडे तो केळीच्या एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंत पुरला. सी.ए. का नाही करत, असं विचारणारेही भेटायचे. त्यांच्यासाठी तिच्याकडे एक वेगळं भाषण तयार होतं, आणि ते एकदा ऐकलेला माणूस पुन्हा आमच्या घरी तो शब्द काढत नसे.

घरात आम्ही चौघंच. माझे मिस्टर केळीच्या धंद्यात आहेत. शेताशेतांतून केळी कापून घ्यायची, ट्रक भरायचे आणि दिल्लीच्या रस्त्याला लावायचे. सासरे मी लग्न होऊन येण्याच्या आधीच गेले. सासूबाई आहेत, आणि ही नणंद, भावापेक्षा बरीच लहान, त्यामुळे भावाच्या जिवाची आणि म्हणूनच डोक्यावर बसलेली. मी माहेरची भुसावळची, इथल्या एका शाळेत मराठी शिकवते. हिशेबाशी माझा संबंध पगार आला आणि संपला इतकाच. पण त्या वर्षभरात मी इतकं ऐकलं, की नववीच्या वर्गात भूतकाळ आणि भविष्यकाळ शिकवताना माझ्या तोंडून अकाउंटिंग आणि फायनान्स निघता निघता राहायचं. कारण नणंदबाईंनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं: "वहिनी, एकदम सिंपल आहे. अकाउंटिंगवाला विचारतो, काय झालं? फायनान्सवाला विचारतो, आता काय होणार? बस, इतकाच फरक. आता तुम्ही सांगा, मी कोण आहे?" मी म्हटलं, तू माझी नणंद आहेस. तिला ते उत्तर आवडलं नाही.

बरं, निर्णय नुसता बोलून ती थांबली असती तरी चाललं असतं. ती तो अंगावर घालायची. अकाउंटिंग ठरलेलं असलं की केस घट्ट बांधलेले, कपाळाला आठी, चालणं हलकं, बोलणं कमी, आणि नजर अशी की समोरच्याला उगाच आपण काहीतरी लपवल्यासारखं वाटावं. मी बाजारातून आले की पिशवीत हात घालून म्हणायची, "कोथिंबीर दोन जुड्या सांगितली होती ना?" फायनान्स ठरलं की केस मोकळे, जिन्यावरून धाडधाड उतरणं, टीव्हीवर शेअर बाजाराच्या लाल-हिरव्या पट्ट्या, आणि प्रत्येक गोष्टीत रिस्क. दूध उतू जाण्यात रिस्क, पापड गच्चीवर टाकण्यात रिस्क. सासूबाईंनी नवीन चप्पल घेतली तर "आई, ही इन्व्हेस्टमेंट आहे, खर्च नाही," असं सांगून तिनं त्यांना अजून एक जोड घ्यायला लावला. तो त्यांना चावला आणि माळ्यावर गेला. मिस्टर संध्याकाळी मंडीतून आले की चपला काढता काढता मला हळूच विचारायचे, "आज कोणतं खातं चालू आहे?" मी जिन्याकडे कान देऊन सांगायची. त्याप्रमाणे ते आपला चेहरा बेतून आत जायचे.

सल्ला घेण्याच्या बाबतीत तिच्याइतकी उदार मुलगी मी पाहिली नाही. लहानथोर, ओळखीचा-अनोळखी, कोणालाही ती उपाशी ठेवत नसे. दाताच्या डॉक्टरकडे मी तिच्याबरोबर गेले होते. तोंड उघडं, त्यात कापूस कोंबलेला, डॉक्टरांच्या हातात यंत्र घरघरतंय, आणि ही त्या अवस्थेत त्यांना विचारते आहे. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. ते म्हणाले, "कौनसी? ऊपर की या नीचे की?" हिनं कापूस काढला, प्रश्न पुन्हा नीट मांडला, आणि मग बाहेर बसलेल्या पेशंटांना आत बोलावून मत घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. एकदा बसस्टँडवरून घरी येताना ऑटोवाल्याला विचारलं. तो बिचारा बराच वेळ ऐकत राहिला, मग आरशातून बघत म्हणाला, "दीदी, वो सब ठीक है, उतरना कहाँ है?" तोवर आमची गल्ली मागं राहिली होती. मी ऑटो वळवायला सांगितला, वळून येईपर्यंत हिचं बोलणं पुन्हा रंगलं आणि गल्ली दुसऱ्यांदा मागं राहिली.

मात्र बहादरपूरला तिनं जे केलं, त्याला मी बरेच दिवस माफ केलं नव्हतं. बहादरपूरला माझ्या सासऱ्यांचे चुलत भाऊ राहतात, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, माणूस एकदम कडक आणि नेमका. त्यांच्या पत्नी वारल्या तेव्हा सासूबाई, मी आणि नणंद भेटायला गेलो. काका ओसरीत खाटेवर बसले होते, तोंड समोरच्या केळीच्या बागेकडे. त्यांच्या सुनेनं मला आत नेऊन सांगितलं, की काकू गेल्यापासून बाबा कोणाशी बोललेले नाहीत; समोर ताट ठेवलं की चार घास खातात, उचललं की हात धुतात, बस. आम्हीही येऊन बसलो, सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि मग ओसरीत ती जी शांतता असते ती पसरली. आणि त्या शांततेत आमच्या नणंदबाईंनी घसा खाकरला.

"काका, तुम्ही बँकेत लोन पास करायचे ना, तेव्हा माणसाचा मागचा हिशेब जास्त बघायचे, की त्याचं पुढं काय होणार ते?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की मलाच दुखलं. "बाहेर निघ तू," त्या दातांतून पुटपुटल्या, "मग तुले सांगते. मयताच्या घरी असं इचारते का व कोणी?"

पण काकांनी मान वळवली होती. ते म्हणाले, "कोणाचं लोन?"

"कोणाचंही. मतलब, जनरल."

"जनरल असं काही नसतं बेटा," काका म्हणाले. आवाज बरेच दिवस न वापरल्यामुळं घोगरा झाला होता. आणि मग ते बोलायला लागले. कोणत्या माणसाला कर्ज दिलं, कोणाला नाही दिलं, पॉवरलूमवाल्याचा हिशेब कसा वाचायचा, केळीवाल्याचा का वाचताच येत नाही. सून दारात येऊन उभी राहिली, तिच्या हातातला चहा निवला. शेवटी काका थांबले आणि म्हणाले, "दोन्ही बघायचो ग. मागचं बघून पुढचं ओळखायचो. आता..." त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं. "आता मागचं बघवत नाही अन् पुढचं दिसत नाही."

मी खाली बघितलं, सासूबाईंनी पुन्हा पदर घेतला. नणंद खाटेजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "काका, मी रविवारी पुन्हा येऊ का? माझे अजून खूप प्रश्न बाकी आहेत."

काका म्हणाले, "ये."

परतीच्या ऑटोत सासूबाईंनी तिला जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. मीही माझी भर घातली. तिनं सगळं निमूट ऐकून घेतलं आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, "वहिनी, अकाउंटिंग. फायनल." पण रविवारी ती बहादरपूरला गेली. पुढच्या रविवारीही गेली. मग शनिवारी काकांच्या सुनेचाच फोन यायला लागला, की उद्या पाठवा हां तिला, बाबा सकाळपासून दाढी करून बसतात.

हे झालं सल्ल्याचं. त्यानं भागेना, तेव्हा तिनं प्रयोग सुरू केले. पहिला प्रयोग फायनान्सचा. नवरात्र जवळ आलं होतं, उपासाला केळी लागणार, भाव चढणार, हे तिनं दादाला, म्हणजे माझ्या मिस्टरांना, शेअर बाजाराच्या भाषेत समजावून सांगितलं. दादा म्हणाला, हे मंडीतल्या बैलालासुद्धा ठाऊक आहे. "मग तू माल थांबवत का नाहीस?" तिनं विचारलं. दादानं तिच्याकडे पाहिलं आणि तो जेवायला लागला. तेव्हा तिनं शिकवण्यांच्या स्वतःच्या कमाईतून एक छोटा हत्ती टेम्पो भरून हिरवी केळी विकत घेतली आणि आमच्या खालच्या खोलीत, अंथरूण-पांघरुणाच्या पेट्या बाहेर काढून, तिथं रचून ठेवली. दाराला कुलूप. किल्ली स्वतःकडे. दिवसातून दोनदा भाव विचारायला मंडीत फोन.

भाव खरंच चढला. तिचं तेवढं चुकलं नव्हतं. पण तो चढायच्या आधी बुऱ्हाणपूरचं ऊन चढलं, आणि त्या बंद खोलीत सगळी केळी एकाच दिवशी, ठरवून केल्यासारखी, पिकली. सकाळी वास पहिल्या मजल्यावर आला, दुपारी गल्लीत गेला. मंडीतला माणूस येऊन दार उघडून बघून गेला, त्यानं नाकाला रुमाल लावला आणि काही न बोलता मिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. मग आमच्या घरी शिकरण झालं, केळ्याचा हलवा झाला, केळ्याची कोशिंबीर झाली, केळं घालून दशम्या झाल्या. मी शाळेत डब्यातून केळी नेली, शिक्षकांना वाटली, मग शिपायांना, मग परत शिक्षकांना. गल्लीत ज्या घराचं पोट त्या आठवड्यात बिघडलं नाही असं घर राहिलं नाही. नणंद मात्र खिडकीशी बसून, हातात केळं घेऊन, गंभीरपणे म्हणाली, "वहिनी, थिअरी बरोबर होती. केळ्यांनी सहकार्य केलं नाही."

साहजिकच त्यानंतर अकाउंटिंगची पाळी आली. केस बांधले गेले. स्वयंपाकघरात तिनं "स्टॉक व्हेरिफिकेशन" करायचं ठरवलं, म्हणजे घरात काय आहे आणि काय असायला हवं याचा मेळ घालायचा. मी शाळेतून आले तर सगळी भांडी ओट्यावरून जमिनीवर आलेली, प्रत्येकावर कोरलेलं नाव ती डोळ्यांजवळ नेऊन वाचते आहे, आणि सासूबाई दारात डोक्याला हात लावून बसल्या आहेत. निष्कर्ष धक्कादायक होता. आमच्या वाट्यांपैकी निम्म्या घरात नव्हत्या, आणि ज्या घरात होत्या त्यांतल्या निम्म्या आमच्या नव्हत्या. शेजारच्या मावशींच्या सुनेचं नाव आमच्या डाळीच्या पातेल्यावर होतं. आमच्या आजेसासूबाईंच्या नावाची परात कोणाकडे तरी इतकी वर्षं होती की त्यांनी तिचं बूड नवीन लावून घेतलं होतं.

एखाद्यानं हे बघून हसून सोडून दिलं असतं. नणंदबाई पिशवी घेऊन निघाल्या. गल्लीत घरोघरी जाऊन, दुसऱ्यांची भांडी त्यांना परत, आपली ताब्यात, आणि वर "मावशी, ही वाटी तुमच्याकडे कधीपासून आहे?" असा सवाल. मावशींनी वाटी दिली, पण दार लावून घेतलं. दिवेलागणीपर्यंत आमच्या फडताळात एकूण एक भांडं आमचं होतं, ओळीनं लावलेलं, चकचकीत, आणि गल्लीत आमच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. सासूबाईंनी फडताळ बघितलं आणि त्या पाटावर बसून राहिल्या.

"भरलं नं तुझं कपाट?" त्या म्हणाल्या. "आता कोण येईन माझ्याकडे? वाटी द्याले येते बाई, मग घडीभर बसते, चार गोष्टी बोलते. रिकाम्या हातानं कोणी येते का?"

नणंदेचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला मेथीचे लाडू करायला लावले, आमच्या सगळ्या वाट्यांत भरले, आणि पुन्हा घरोघरी वाटून आली. वाट्या परत मागितल्या नाहीत. पण हे सगळं होईपर्यंत माझी सुट्टी गेली, मेथी संपली, आणि मूळ प्रश्न जागच्या जागीच होता.

अशा प्रकारे ॲडमिशनची शेवटची तारीख आली. गावातल्या कॉलेजचीही तीच, इंदूरचीही जवळपास तीच. आदल्या दिवशी दुपारी मिस्टर जेवायला घरी आले होते, सासूबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या, मी वाढत होते. नणंदेनं पहिल्या पोळीला सांगितलं, "दादा, फायनान्स. फायनल." भाजी वाढेपर्यंत म्हणाली, "पण थांब हां. अकाउंटिंगचं असं आहे..."

मिस्टरांनी ताट सरकवलं. माझ्या लग्नापासून मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "अरे यार, बस कर ना आता! वर्षभर हेच ऐकू राहिलो मी. ट्रकमध्ये हेच, जेवताना हेच. तू जे म्हणशील त्याला हो म्हणतो ना मी? मग आणखी काय पाहिजे तुला?"

मी पळी हातात घेऊन उभी. तेव्हा सासूबाईंनी सुपातून मान वर न करता म्हटलं, "त्या डिग्र्यायचं राहू दे पोरी. तुले इंदूरले जायचं हाय का नाही, तेवढं बोल."

मी कित्येक महिने तिचं बोलणं ऐकलं होतं, पण तिला उत्तर न सुचलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिनं माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, मग सुपातल्या तांदळाकडे. "आई, मी गेले तर दुपारी तुझ्याजवळ कोण असणार?" ती म्हणाली. "वहिनी शाळेत. दादा मंडीत. बाबा गेले तेव्हा तू दुपारची किती रडायची, मी शाळेतून आले की लगेच डोळे पुसायची. तुला वाटायचं मला कळत नाही."

सासूबाईंचे हात थांबले. मिस्टर ताटाकडे बघत राहिले. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, ते तेव्हा कॉलेजात होते, बाहेरगावी.

"तेव्हाची गोष्ट तेव्हा," सासूबाई म्हणाल्या. "आता तू घरात असली का मले दुपारची झोप भेटत नाही. जाय बाई तू. मावशी येईन माझ्याकडे वाटी घेऊन."

यावर ती रडायला लागली आणि हसायलाही, आणि दोन्ही एकदम केल्यामुळं तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. मिस्टरांनी ताट पुन्हा ओढलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "चला. मग फायनान्स. भरतो उद्या फी."

"नाही दादा," ती नाक पुसत म्हणाली. "इंदूरला एम.कॉम. पण होतं ना. मी अकाउंटिंगच करते. तिथं जाऊन."

मग मिस्टर अगदी सावकाश म्हणाले, "मग हे वर्षभर फायनान्स फायनान्स जे चाललं होतं, ते काय होतं?"

"ते बसचं तिकीट होतं," ती म्हणाली. "अकाउंटिंग गावात होतं ना. त्यासाठी इंदूरला जाते म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, इथं काय वाईट आहे? मला झालेलं नीट तपासायलाच आवडतं. ऑडिटमध्ये जायचंय मला. पण इथं नाही जमणार दादा. इथं सगळे ओळखीचे. एक वाटी मागितली तर दार लावून घेतात."

त्या क्षणी मला तिला जवळही घ्यावंसं वाटलं आणि हातातली पळी तिच्या डोक्यात घालावीशीही वाटली. मला खालच्या खोलीत पिकलेली केळी आठवली, शाळेत वाटलेली आठवली, जिन्याकडे कान लावून घालवलेल्या संध्याकाळी आठवल्या. एका वाक्याचं काम होतं. पण तुला इंदूरला जायचंय का, हे आमच्या घरात तोवर कोणी विचारलं नव्हतं हेही खरंच. आम्ही सगळे डिग्र्यांचीच तुलना करत बसलो होतो.

ती गेली. दोन वर्षं शिकली, पास झाली, आणि इंदूरलाच एका ऑडिट करणाऱ्या ऑफिसात लागली. आता ती गावोगावच्या कारखान्यांत जाते, गोदामात उभी राहून माल मोजते, आणि म्हणते की अनोळखी माणसांना "हे कधीपासून आहे?" असं विचारलं की ते रागावत नाहीत, उलट चहा पाजतात. रविवारी बहादरपूरच्या काकांना तिचा फोन असतो. काका हल्ली तिला उलट प्रश्न विचारतात.

मला वाटलं होतं, ती गेली की मला हायसं वाटेल. वाटलंही, काही दिवस. घरात प्रत्येक गोष्ट एकदाच ठरायला लागली. वांग्याचं भरीत म्हटलं की भरीतच. मिस्टर मंडीतून आले की सरळ आत जातात, मला काही विचारत नाहीत. सासूबाई दुपारी आडव्या होतात, पण पडल्या पडल्या पंख्याकडे बघत असतात, हे मी सुट्टीच्या दिवशी पाहिलं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेनं मला मुख्याध्यापिका व्हाल का म्हणून विचारलं. मान होता, पगार वाढणार होता, पण वर्गावर जाणं सुटणार होतं. मिस्टर म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. सासूबाई म्हणाल्या, खुर्ची भेटते तर बस. मी काही दिवस मनातल्या मनात सकाळी हो म्हणत होते आणि संध्याकाळी नाही. शेवटी तिला फोन लावला. ती कुठल्यातरी कारखान्यात होती, मागं यंत्रांचा आवाज येत होता. म्हणाली, "वहिनी, संध्याकाळी करते." तिनं खरंच केला. मी सगळं सांगितलं, ही बाजू, ती बाजू. वर्गातल्या मुलांचं सांगितलं, पगाराचं सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "वहिनी, तुम्हाला शिकवायला आवडतं. नाही म्हणून टाका. पुढं वाटलं तर बघता येईल." आणि जेवलात का, आईचा गुडघा कसा आहे, एवढं विचारून थांबली.

इतकं सरळ, इतकं शहाण्यासारखं. मला तेच हवं होतं आणि तेच बरोबरही होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत तसंच कळवलं. पण त्या संध्याकाळी तिचं बोलणं संपल्यावरही मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. मला वाटत होतं, आता ती म्हणेल, "पण थांबा हां वहिनी, मुख्याध्यापिकेचं असं आहे..." मी थोडा वेळ वाट पाहिली. तिनं केव्हाच फोन ठेवला होता.